पिवळी फुलं दिसली म्हणून रानबडीशेप समजू नका

इटली-ग्रीसमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रानबडीशेप रस्त्याकडेला फुकट मिळते. पानं शेपूसारखी, फुलं पिवळी, की खुशाल तोडा. विषारी हेमलॉकची फुलं पांढरी असतात. शंका वाटली तर उकळून घ्या. गड्डाही उपटा.’ कृपा करून हा पुढे पाठवू नका.

हेमलॉकची फुलं पांढरी, हे खरं. पण आपण खुडतो तो वसंतातला कोवळा पाला. त्या वेळी बडीशेपेला फूल कुठलं? बघायचं ते पान. बडीशेपेचं दोऱ्यासारखं, हेमलॉकचं गाजराच्या पाल्यासारखं चपटं. हेमलॉकच्या गुळगुळीत दांड्यावर जांभळे डाग असतात, पण कोवळ्या रोपावर ते दिसतीलच असं नाही.

त्याहून मोठी चूक पिवळ्या फुलांची. ‘फेरूला कोम्युनिस’ नावाच्या विषारी रानवनस्पतीची फुलंही पिवळी आणि पानंही दोऱ्यासारखी! आपला हिंग ज्या फेरूला गटातून येतो, त्यातलीच ही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर ती खाऊन मेंढ्या अंगात रक्तस्राव होऊन मरतात, कारण तिच्यातलं फेरुलेनॉल रक्त गोठू देत नाही. मेसेजमधल्या दोन्ही खुणा तिला तंतोतंत लागू पडतात.

मग ओळखायचं कसं? पान बोटांत चुरडा. मुखवासाच्या डबीचं झाकण उघडल्यासारखा गोड वास आला पाहिजे. हेमलॉकला उंदराच्या मुतासारखी घाण येते. मात्र एकदा बडीशेप चुरडली की वास बोटांना चिकटतो, आणि पुढचं कुठलंही पान बडीशेपच वाटतं. म्हणून दर रोपाआधी हात धुवा. एका जुडीतली प्रत्येक काडी वेगळी तपासा. चाखून खात्री करू नका.

उकळण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा. हेमलॉकमधलं कोनाइन श्वासाचे स्नायू लुळे पाडतं, त्याला उतारा नाही. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला दिलं ते हेच विष. उकळून ते जाईल या भरवशावर कोणी राहू नये.

गड्ड्याचं म्हणाल, तर तो बाजारातल्या लागवडीच्या जातीला येतो. रानातल्या बडीशेपेला येतच नाही, उगाच झाड मारू नका. शेंडे खुडा, पुन्हा फुटतात.

आणि ओळख पक्की पटली, की इटलीच्या सिसिली बेटावरच्यासारखं करा: पाला उकळून बारीक चिरा, सार्डिन मासे, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बियांबरोबर परता, आणि त्याच हिरव्या पाण्यात पास्ता शिजवा. पाणी ओतून दिलंत तर निम्मी चव गेली.