कोल्हापूरची पोरं ‘पास आऊट’ होतात, बेशुद्ध पडत नाहीत

निकाल लागायला लागले की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: “‘आय पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज’ असं कधीही म्हणू नका. पास आऊट म्हणजे फक्त बेशुद्ध पडणे. हे भारतीयांनी जन्माला घातलेलं चुकीचं इंग्रजी आहे. मराठीत बोलतानाही टाळा. बायोडेटात दिसलं की अर्ज कचऱ्यात. त्याऐवजी ‘पास्ड फ्रॉम’ किंवा ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.” यातलं अर्धं वाक्य खरं आहे. ते कुठलं, ते पुढं येईलच.

“पास आऊट म्हणजे फक्त बेशुद्ध पडणे.”
‘फक्त’ चुकीचं. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. बेशुद्ध पडणे हा एक अर्थ. सैनिकी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे हा दुसरा, त्यापुढं ‘ब्रिटिश’ अशी खूण. वाटणे हा तिसरा: अमेरिकेत मास्तर वर्गात पेपर ‘पास आऊट’ करतात, म्हणजे वाटतात.

“हे भारतीयांनी जन्माला घातलं.”
खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा ‘पासिंग आऊट परेड’ होते, देहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीतही होते. मराठी पेपर तिला ‘दीक्षांत संचलन’ म्हणतात. हा ब्रिटिश सैन्याचा शब्द आहे आणि तिकडं तो आजही चालतो. सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत, तिथं हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आपण केलं ते एवढंच की परेड ग्राउंडवरचा शब्द कॉलेजच्या गेटवर आणला. इंग्लंड-अमेरिकेत साध्या कॉलेजसाठी तो सहसा वापरत नाहीत. मेसेजमधलं खरं अर्धं वाक्य ते हे.

तिकडच्या माणसाला हसू का येतं, त्याचं कारण ‘फ्रॉम’मध्ये दडलंय. बेशुद्धीच्या अर्थानं ‘पास्ड आऊट फ्रॉम’ आलं की पुढं कारण येतं: उन्हामुळं, थकव्यामुळं, दारूमुळं. ऐकणारा कारणाची वाट बघत असतो आणि आपण म्हणतो शिवाजी विद्यापीठ! त्याच्या डोक्यात चित्र उभं राहतं ते विद्यापीठामुळं चक्कर आलेल्या पोराचं. सैनिकी अर्थात संस्थेच्या नावाआधी बहुधा ‘आऊट ऑफ’ येतं, तिथं घोटाळा कमी होतो.

“मराठीतही टाळा.”
हा मुद्दा सगळ्यात कच्चा. मराठीत ‘पास आऊट होणे’ हे आता मराठी क्रियापद आहे आणि त्याला एकच अर्थ आहे. पोरगा पास आऊट झाला, पोरगी पास आऊट झाली, पोरं पास आऊट झाली: लिंग-वचन सगळं आपल्या ‘होणे’नं सांभाळलं. बेशुद्धीसाठी आपल्याकडं शब्दांचा तुटवडा नाही: चक्कर आली, भोवळ आली, घेरी आली, शुद्ध हरपली. खासबाग मैदानात उन्हानं कुणी कोसळला तर ‘गडी पास आऊट झाला’ असं कोण म्हणतं? गोंधळच होत नसेल तर टाळायचं काय?

शिवाय ‘पास’ आणि ‘पास आऊट’ यांत मराठीनं फरक केलाय. बारावी पास होतात, सेमिस्टर पास होतात. पास आऊट होतात ते संस्थेतून, अभ्यासक्रम संपल्यावर. “इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पास झाला, पण पास आऊट व्हायला अजून एक वर्ष आहे,” हे वाक्य कुणालाही कळतं. एकट्या ‘आऊट’ची तर गोष्टच वेगळी. फलंदाज आऊट होतो तेव्हा खेळ संपतो, पेपर आऊट होतो तेव्हा परीक्षेचा.

“बायोडेटा कचऱ्यात.”
इथल्या कंपन्यांच्या जाहिरातींतच ‘२०२५ पासआऊट’ असं छापलेलं असतं. त्यांनीच वापरलेल्या शब्दावरून अर्ज फेकला जाईल, ही भीती उगाच आहे. परदेशी अर्ज असेल तर मात्र टाळा. तिथं वाचणारा अडखळतो, आणि अडखळलेला वाचक आपल्या कामाचा नाही.

खरी चूक वर्षात होते. ‘पास आऊट’ वर्ष म्हणजे बॅचचं वर्ष नव्हे आणि पदवीदान समारंभाचंही नव्हे. शेवटचा राहिलेला विषय ज्या परीक्षेत सुटला, त्या परीक्षेचं वर्ष. ते गुणपत्रिकेवर महिन्यासकट छापलेलं असतं. २०२१ ला इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला मुलगा २०२५ च्या बॅचचा. एक विषय राहिला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला तर २०२५ च. एप्रिल २०२६ ला निघाला तर २०२६. फॉर्मवर बॅचचं वर्ष टाकलं आणि कागद तपासताना गुणपत्रिकेवर दुसरंच निघालं, तर अर्ज तिथंच अडकतो. त्यात ‘पास आऊट’ शब्दाचा काही दोष नाही.

“त्याऐवजी ‘पास्ड फ्रॉम’ किंवा ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.”
‘पास्ड फ्रॉम कॉलेज’ हे ‘पास आऊट’पेक्षा वाईट. इंग्रजीत ‘पास’च्या पुढं परीक्षा येते, संस्था नाही. ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ बरोबर, पण पदवीसाठी. अमेरिकेत शाळेलाही चालतं, ब्रिटनमध्ये मुख्यतः पदवीलाच. आयटीआय, डिप्लोमा, बारावी सगळ्यांना चालणारं म्हणजे ‘कम्प्लीटेड’: ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२४’. पुढं संस्थेचं नाव घालायचं तर ‘ॲट’ लावा. आणि ‘पास्ड आऊट इन फर्स्ट क्लास’ असं लिहिलं असेल तर ‘इन’ काढून ‘विथ’ करा. ‘इन’ तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला रेल्वेच्या पहिल्या वर्गात कोसळलेला प्रवासी दिसेल.