कार्ड चाललं म्हणजे नियमात बसलं असं नाही

एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट) म्हणजे अमेरिकेतलं उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं. "थेरपी कुठलीही असो, एचएसएचं कार्ड बिनधास्त वापरा" हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नियमानुसार खर्च आजारावरच्या उपचाराचा असावा लागतो. डिप्रेशन, अँग्झायटी, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास) यांवरची थेरपी चालते; नुसते नवरा-बायकोतले मतभेद मिटवण्यासाठीचं समुपदेशन चालत नाही. आम्ही दोघांनी इथे न्यू जर्सीत अशाच चार सेशन्सचे पैसे कार्डाने भरले होते. कार्ड चाललं, म्हणून निर्धास्त राहिलो. टॅक्स भरताना आमच्या सीपीएने (अकाउंटंटने) विचारलं, "हे कशाचं बिल?" तेव्हा पोटात गोळा आला. असे पैसे उत्पन्नात धरले जातात, शिवाय पासष्टीच्या आत असाल तर वर २० टक्के दंड. चूक नकळत झाली होती म्हणून खातं सांभाळणाऱ्या कंपनीने रक्कम परत भरून घेतली, पण तसं करणं तिच्यावर बंधनकारक नसतं.

पुढे मी माझ्या अँग्झायटीसाठी मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टकडे जाऊ लागले. त्या इन्शुरन्स घेत नाहीत, पण आईशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलता येतं, म्हणून मी त्यांनाच धरून आहे. दर महिन्याला निदानाचा कोड असलेली सविस्तर पावती मागून घेते. खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल आणि पावती जपलेली असेल, तर ते पैसे एचएसएतून काही वर्षांनीही काढता येतात. हे लेखात यायलाच हवं होतं. आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मंडळींनो, राज्याच्या टॅक्समध्ये एचएसएची सवलत मिळत नाही, तेवढं हिशेबात धरा.