तक्ता भरला म्हणजे तुलना झाली का?

आज दुपारी भाचीने तिच्या निबंधवहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. नववीत आहे ती, कराडला. विषय दिला होता ‘टिळक आणि आगरकर : एक तुलना’. दोन अख्ख्या परिच्छेदांवर लाल पेनाची तिरकी रेघ, समासात ‘अनावश्यक’ आणि खाली शेरा : ‘साम्य व भेद तक्त्यात लिहावेत. मंडाले राहिले. स्वतःचे मत नको.’ दहापैकी चार.

गुण गेले खड्ड्यात. पण जे दोन परिच्छेद खोडलेत ना, तोच तिचा निबंध होता. बाकी सगळी नुसती माहिती होती, जी कुठल्याही गाईडात मिळते.

मी त्या रविवारी तिथेच होते, म्हणून इतकी चिडले आहे. जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून पोरगी बसली होती. पाठकोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली, एका बाजूला टिळक, एका बाजूला आगरकर. जन्म 1856, जन्म 1856. दोघंही जुलैतले, नऊ दिवसांच्या अंतराने. दोघंही डेक्कन कॉलेज. न्यू इंग्लिश स्कूल दोघांचं. 1881 ला केसरी आणि मराठा निघाले त्यात दोघं. 1882 ला कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात गेले तेही दोघं एकत्र, 101 दिवस. नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन. लिहीत लिहीत ती खालपर्यंत आली, वर एकदा नजर फिरवली आणि पेन्सिल ठेवून म्हणाली, “अगं मावशी, सगळं सारखंच आहे की! मग ह्यांचं फाटलं कशावरून?”

मी तिला म्हटलं, बास. हा प्रश्न वर लिही आणि त्याला चौकट कर. आता निबंध सुरू झाला.

तुलनेच्या निबंधाचं सगळं नियोजन माझ्या मते त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. दोन माणसं, दोन गावं, दोन पिकं शेजारी ठेवून तुम्हाला नक्की काय विचारायचंय? ते ठरलं की कुठले मुद्दे घ्यायचे आणि कुठले टाकून द्यायचे हे आपोआप कळतं. ते ठरलं नाही तर मग एकाची मिशी आणि दुसऱ्याचा अंगरखा, असलं काहीही शेजारी शेजारी लिहिलं जातं. तो उभ्या रेघेचा कागद ही तयारी असते. भाजी निवडून ठेवलेली परात पाहुण्यांपुढे ठेवून कुणी ‘जेवा’ म्हणत नाही.

आणि शाळा नेमकं तेच मागतेय. परात द्या, गुण घ्या.

विज्ञानात वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतला फरक तक्त्यातच हवा, मान्य. भूगोलात खरीप-रब्बीचाही चालेल. पण भाषेच्या तासाला, निबंधाच्या वहीत?

परत त्या टेबलाकडे येते. प्रश्न सापडला, आता तिने लिहायला घेतलं. आधी टिळकांचं सगळं, मग आगरकरांचं सगळं, अशा बेताने. दीड पान टिळक झाले, मंडालेचा तुरुंगवास आला, होमरूल आलं, 1920 आलं. आणि आगरकरांना उरलं अर्धं पान. कारण आगरकर 1895 लाच गेले, चाळिशीही पाहिली नाही त्यांनी. तिने ते दोन्ही भाग बोटाने मोजल्यासारखे केले आणि स्वतःच म्हणाली, “हे बरोबर नाही. एक माणूस पंचवीस वर्षं जास्त जगला त्यात दुसऱ्याचा काय दोष?”

चौदा वर्षांच्या मुलीला हे सुचलं! मी सांगितलं नव्हतं. तिनेच ठरवलं की डेक्कन कॉलेजातल्या ओळखीपासून 1895 पर्यंतचाच काळ घ्यायचा, कारण तेवढ्याच काळात दोघं समोरासमोर होते. मंडाले 1908 नंतरचं, म्हणून तिने ते सोडलं. विचार करून सोडलं. आणि शेरा काय? ‘मंडाले राहिले.’

राहिलेलं नाही हो बाई! सोडलंय! काय लिहायचं नाही हे ज्या मुलीला कळलं तिच्या पाठीवर थाप मारायची असते.

मग तिने मांडणी बदलली. एकेक मुद्दा घ्यायचा आणि त्या मुद्द्यावर दोघांना एकाच परिच्छेदात उभं करायचं. आधी शिक्षण, मग वर्तमानपत्र, मग सुधारणा. असं लिहिणं फार अवघड. प्रत्येक वाक्यात आपण कुणाबद्दल बोलतोय याचं भान ठेवावं लागतं, नाहीतर वाचणाऱ्याची मान टेनिसचा सामना बघितल्यासारखी दुखते. छोट्या निबंधात एकाचं सगळं सांगून मग दुसऱ्याकडे वळलं तरी चालतं, पण मग दुसऱ्या भागात पहिल्याची आठवण सतत करून द्यावी लागते. तेही ती दोन-तीनदा खोडून शिकली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. शिकवायला हवं होतं, इतकंच म्हणते.

आता तो पहिला खोडलेला परिच्छेद. शिक्षणाचा. तिला असं दिसलं की दोघं एका वर्षाचे, पण टिळक मॅट्रिक झाले 1872 ला आणि आगरकर 1875 ला. तीन वर्षं कुठे गेली? टिळकांचे वडील शिक्षक, 1866 लाच घर पुण्याला आलेलं. आगरकर टेंभूचे. टेंभू म्हणजे आमच्या कराडच्या उशाशी, कृष्णेच्या काठावर. घरात दारिद्र्य. कराडच्या कचेरीत उमेदवारी केली, शिकायला म्हणून रत्नागिरीला गेले, तिथे निभाव लागला नाही म्हणून परत आले, शेवटी नातेवाइकांकडे अकोल्याला राहून मॅट्रिक. भाचीने लिहिलं होतं : ‘टिळक रत्नागिरीत जन्मले आणि शिकायला पुण्याला गेले. आगरकर शिकण्यासाठी रत्नागिरीला गेले आणि त्यांना परत यावे लागले. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता, घरात होता. घरातून आणि रूढींतून ज्याला जास्त सोसावे लागते त्याला समाज आधी बदलावासा वाटत असेल.’

यावर लाल रेघ. ‘अनावश्यक.’

तिचा निष्कर्ष शंभर टक्के बरोबर आहे असं मी म्हणत नाही. टिळकांचे वडीलही त्याच 1872 ला गेले, सोळाव्या वर्षी तेही पोरके झाले, हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. मी असते तर समासात तेवढंच लिहिलं असतं : ‘हे बघ बरं, आणि मग पुन्हा विचार कर.’ मुलीने दोन तारखा शेजारी ठेवल्या, मधली फट पाहिली आणि त्या फटीत वाकून बघितलं. तुलना ह्यासाठीच करतात. दोन गोष्टी शेजारी आल्याशिवाय ती फट दिसतच नाही. एकट्या टिळकांवर निबंध लिहिला असता तर 1872 हा नुसता आकडा होता.

दुसरा परिच्छेद वाचताना मात्र मी आज रडले. लिहिताना तिच्यासमोर बसले होते तेव्हा नव्हते रडले.

1891 चा संमतिवयाचा कायदा. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्याचा. आगरकर त्याच्या बाजूने, टिळक विरोधात. टेबलावर आम्ही त्या मुद्द्यापाशी आलो तेव्हा तिने मला दोनदा विचारलं, “बारा? दहा होतं ते बारा केलं, आणि त्याच्यावरून भांडण?” मी हो म्हटलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, कागदाच्या कडेला पेन्सिलीने रेघा ओढत बसली. तिची धाकटी चुलत बहीण अकरा वर्षांची आहे, आतल्या खोलीत टीव्ही बघत होती.

पण तिने अन्याय केला नाही हो टिळकांवर. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण आता माझ्या यादीतले काही जण लगेच धावून येतील. तिने व्यवस्थित लिहिलं की टिळकांचा विरोध परक्या सरकारने कायदा करून आपल्या समाजात हात घालण्याला होता, सुधारणा लोकांना शिकवून, त्यांच्या मनातून यावी असं त्यांचं म्हणणं होतं. टिळकांची बाजू तिने आगरकरांच्या बाजूइतक्याच ओळींत लिहिली. मी मोजून पाहिलं नाही, तिनेच मोजलं. आणि त्यानंतर तिचं स्वतःचं एक वाक्य : ‘लोक हळूहळू शिकतील हे खरे असेल, पण दहा वर्षांच्या मुलीला हळूहळू थांबता येत नाही.’

त्याच्या शेजारी : ‘स्वतःचे मत नको.’

का नको? कुणाचं हवं मग? दोन बाजू नीट मांडून झाल्यावर, दोघांनाही बोलू देऊन झाल्यावर, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचंच नाही असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? आपण लहानपणापासून मुलींना हेच सांगत आलोय, सगळं नीट मांड, वाढ, आवर आणि गप्प बस. निबंधाच्या वहीतही तेच. निदान आगरकरांवरच्या निबंधात तरी नको होतं हे. ज्या माणसाने मतासाठी आपणच संपादक असलेला केसरी 1887 ला सोडला, पुढच्या वर्षी स्वतःचा सुधारक काढला, ज्याची लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्याच्यावर लिहिताना ‘मत नको’?

थांबते जरा. चहा घेऊन येते.

आले.

बाईंवर राग काढून उपयोग नाही हे मलाही कळतं. एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं, वह्यांचे ढीग, वरून निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. तक्ता तपासायला सोपा. चार साम्यं, चार भेद, आठ बरोबरच्या खुणा, झालं. आणि बोर्डाच्या पेपरात मूल वेगळं काही लिहून बसलं तर पालकच पहिले शाळेत येऊन आवाज चढवतात. हे सगळं खरं. तरीही तो ‘अनावश्यक’ हा शब्द लिहायला जेवढा वेळ लागला, तेवढ्याच वेळात ‘छान, पुढे?’ लिहिता आलं असतं.

पालकांना मात्र मी आज सोडणार नाही. गाईड आपण आणतो. “स्वतःचं डोकं चालवू नकोस, आहे तसं लिही” हे आपण म्हणतो. आणि तीच पोरं मोठी होऊन घरातल्या ग्रुपवर ‘हा नेता मोठा की तो’ असे वाद घालतात, तेव्हा आपल्याला नवल वाटतं! त्यांना दोन माणसं शेजारी उभी करायची म्हणजे एकाला पाडायचं एवढंच माहीत असतं. कशाच्या बाबतीत मोठा, कुठल्या काळात, कुणाच्या दृष्टीने, हे विचारायची सवयच लागलेली नसते. फुले की रानडे, गांधी की आंबेडकर, सगळीकडे कुस्तीचा फड. टिळक-आगरकरांचंही आपण तेच करून ठेवलंय, आधी राजकीय की आधी सामाजिक, एका ओळीत निकाल लावून मोकळे.

त्या मुलीने निकाल लावला नव्हता. तिचा शेवटचा परिच्छेद, जो सुदैवाने खोडला गेला नाही, तो 17 जून 1895 नंतरचा आहे. आगरकर गेले आणि त्यांच्यावरचा मृत्युलेख केसरीत टिळकांनी लिहिला. ज्या वर्तमानपत्रातून ते आगरकरांना बोचेल असं लिहीत होते, त्याच वर्तमानपत्रात. तिने एवढंच लिहून ठेवलं होतं की ज्यांचं इतकं सारखं असतं त्यांचंच भांडण इतकं खोल जातं, अनोळखी माणसाशी कुणी असं भांडत नाही. टेबलावर विचारलेल्या त्या “फाटलं कशावरून”ला ती तिच्या वाटेने असं उत्तर शोधून आली होती. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसवायचं होतं, मला कुणीतरी सांगा.

संध्याकाळी फोन केला तिला. मला वाटलं हिरमुसली असेल. होती थोडी. म्हणाली, “मावशी, पुढच्या वेळी तक्ताही देते, निबंधही देते. तक्त्याचे गुण बाईंनी द्यावेत, निबंधाचे तू दे.” मी हो म्हटलं, पण मला ते आवडलं नाहीये. तिला शाळेतही निबंधाचे गुण मिळायला हवेत. मी शनिवारी कराडला जाणार आहे आणि बाईंना भेटणार आहे, भांडायला नाही, ती वही घेऊन शेजारी बसायला. आईवडिलांना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

आणि तिने पुढचा विषय स्वतःच काढलाय : कोयना आणि उजनी. दोन्ही मोठी धरणं, दोन्हींसाठी गावं उठली. एकाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून त्यावर वीज होते, दुसऱ्याचं सोलापूरकडच्या शेतीला जातं. उभ्या रेघेचा कागद तयार आहे, प्रश्न अजून सापडलेला नाही आणि तो सापडेपर्यंत लिहायला घेऊ नकोस असं मी तिला बजावलंय. ज्यांच्या घरची माणसं कोयनेत किंवा उजनीत उठली असे बरेच जण माझ्या यादीत आहेत. आजी-आजोबा असतील तर फारच बरं. मला इनबॉक्समध्ये सांगा, तिला तुमच्याशी बोलायचंय. दोन्हीकडची माणसं हवीत, एकाच बाजूची नकोत, हे तिने खास सांगायला लावलंय.