‘परमेश्वर’ आधी, हर्ष नंतर

परवा शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने नर्मदेकाठी हर्षवर्धनाला हरवलं आणि म्हणून त्याला ‘परमेश्वर’ ही पदवी मिळाली. खाली पंधरा जणांचे नमस्कार. मीही शाळेत हेच लिहून मार्क घेतलेत, त्यामुळे खोड काढायचा माझा हक्क जरा कमीच. पण तो ‘मिळाली’ शब्द काही पचत नाही. मिळाली म्हणजे कुणी दिली?

कुणी देत नसे. पदरचा कवी प्रशस्ती, म्हणजे राजाचं स्तुतिकाव्य, रचायचा, कारागीर ती दगडावर नाहीतर तांब्यावर कोरायचा, की झाली पदवी. चौकातल्या फ्लेक्सवर ‘कार्यसम्राट’ लिहिणारे निदान खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आपली नावं तरी टाकतात.

आता पुलकेशीचंच घ्या. त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांत एक ठरीव वाक्य येतं: सगळ्या उत्तरापथाचा स्वामी श्रीहर्षवर्धन, त्याच्या पराभवातून ज्याने ‘परमेश्वर’ हे दुसरं नाव मिळवलं तो. मेसेजचं मूळ हेच. पण पुलकेशीचा स्वतःचा, हैदराबाद ताम्रपट म्हणून ओळखला जाणारा, इ.स. ६१३च्या सुमाराचा लेख आहे. त्यात ‘परमेश्वर’ आहे, हर्षाचं नाव नाही. शेकडो लढायांत उतरलेल्या शत्रुराजांना जिंकून हे नाव मिळवलं, एवढंच तिथे म्हटलंय.

पूर्वी अभ्यासक यावरून म्हणत, म्हणजे हर्षाशी लढाई ६१३च्या आधीच झाली असणार. मग काही वर्षांपूर्वी पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या अभ्यासकांनी ६१९च्या एप्रिलमधला एक ताम्रपट वाचला. त्यात हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे, आणि युद्ध ६१८-१९च्या हिवाळ्यात झालं असावं असं त्यांनी मांडलं. ते बरोबर असेल, आणि मला ते पटतं, तर पदवी आधी आणि विजय निदान पाच वर्षांनी नंतर! मेसेजमधल्या ‘म्हणून’चे बारा वाजले.

याला कुणी लबाडी म्हणेल. मी नाही म्हणणार. हर्षाला थोपवणं ही लहानसहान गोष्ट नव्हती. पुलकेशीच्या पदरच्या रविकीर्ती या कवीने ६३४ साली ऐहोळेच्या प्रशस्तीत त्यावर कोटी केली, की भीतीने हर्षाचा हर्षच गळाला. एवढा विजय घरात आल्यावर पुढच्या पिढीने जुनी पदवी त्या नव्या खुंटीला टांगली. शेकडो अनाम शत्रुराजे कुणाच्या लक्षात राहतात?

आणि ते ‘सगळ्या उत्तरापथाचा स्वामी’ वाचलंत ना? हर्षाचं राज्य मोठं होतं, पण सगळा उत्तर भारत काही त्याच्या मुठीत नव्हता. ही बढती त्याला चालुक्यांनी दिली. हरवलेला माणूस जितका उंच, तितका हरवणारा उंच. जुनागढच्या शिलालेखात (इ.स. १५०) पश्चिम भारतावर राज्य करणारा शक राजा रुद्रदामन् तेच करतो. सातवाहन राजा सातकर्णीला तो ‘दक्षिणापथपति’, म्हणजे दक्षिणेचा स्वामी, म्हणतो आणि लगेच सांगतो, याला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून राज्यावरून उखडलं नाही. शत्रूला पदवी देऊन मोठेपणा मात्र आपल्या पदरात. या रुद्रदामन्‌चं मला एक आवडतं, तो आडपडदा ठेवत नाही. आजोबा चष्टन महाक्षत्रप (शक राजांची मोठी पदवी) होता, तरी हा ‘महाक्षत्रप’ हे नाव स्वतः मिळवलेलं म्हणून सांगतो.

‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’, म्हणजे ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो, याबद्दलही असेच मेसेज येतात, की जनतेने सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला ही पदवी दिली. जनतेने नाही हो, आईने! नाशिकच्या पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत तो लेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी गौतमी बलश्रीने ते लेणं भिक्षूंना दान दिलं, तेव्हाचा. मुलगा तोवर गेलेला. म्हणजे इथे शुभेच्छुकाचं नाव आहे, आणि ते नाव लेक गमावलेल्या म्हातारीचं आहे.

त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असेल का? लेखातल्या प्रदेशांच्या यादीत अपरांत (कोकण), विदर्भ, सौराष्ट्र आहेत, पूर्व किनारा नाही. डोंगरांच्या यादीत मात्र पूर्व किनाऱ्याकडचा महेंद्र आणि दक्षिणेतला मलय येतात. सौराष्ट्र, अपरांत वगैरे मुलूख जुनागढच्या लेखात रुद्रदामन्‌च्या नावावर आहेत, ते आणखी वेगळंच! पण क्षहरातांचा, म्हणजे शक राजा नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केला, या तिच्या दुसऱ्या दाव्याला मी मान तुकवतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नहपानाच्या तोंडावरच. याहून पक्की पावती कोणती हवी?

मी ते लेणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यात तीन समुद्रच होते. लेखाचं भाषांतर सावकाश वाचलं ते घरी आल्यावर. त्यात शक, यवन, पल्हव यांचा संहार आहे, क्षत्रियांचा गर्व उतरवणं आहे. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला न धजणारा, रयतेच्या सुखदुःखात आपलं सुखदुःख मानणारा, असंही तिने कोरवून घेतलंय. आणि त्याच ओळींत, समुद्र नि डोंगरांच्या गर्दीत, एक विशेषण आईची सेवा करणारा मुलगा असं आहे. ते अजून एकाही मेसेजात आलेलं मी पाहिलं नाही.