खुलासा : क्रूझ जहाज प्रत्येकासाठी थांबत नाही

‘बंदरात फिरायला उतरलेले सगळे प्रवासी परतल्याशिवाय जहाज सुटत नाही,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. उतरताना आणि चढताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण आलं नाही हे जहाजावर नेमकं कळतं. पण म्हणून थांबतीलच असं नाही. धक्क्याची आणि जहाज बंदराबाहेर नेणाऱ्या पायलटची वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर खर्च वाढतो. कंपनीच्याच सहलीची बस अडकली तर सहसा वाट पाहतात. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. राहिलेल्याचा पासपोर्ट केबिनमध्ये सापडला तर तो बऱ्याचदा कंपनीच्या बंदरातल्या एजंटकडे देऊन जातात, एवढीच माया! आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. मोबाइल गुपचूप किनाऱ्याची वेळ दाखवायला लागतो.