खुलासा: लहरींना गॅस ‘दिसत’ नाही

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं, “भूकंपलहरी सोडल्या की शेलमधला गॅस सोनोग्राफीसारखा दिसतो.” ते चुकलं. (शेल म्हणजे चिखल दबून बनलेला, पातळ थरांचा खडक.) आता त्याला “पुण्याखालीही सापडला” अशी शेपटी जोडून ते फिरतंय.

भूभौतिकीचं पुस्तक पुन्हा उघडलं. लहरींवरून कळतो तो खडकाचा ताठपणा. छिद्रांत वायू असला की प्राथमिक लहर (खडक दाबत जाणारी, वेगवान) मंदावते, दुय्यम (खडक आडवा हलवणारी) फारशी नाही. म्हणून दोन्ही वेगांचं गुणोत्तर पाहतात. शेल वहीच्या पानांसारखा. थरांच्या दिशेने लहर जलद, थर छेदताना सावकाश. खडक ठिसूळ किती, हा अंदाजही त्यातूनच. खात्री मात्र विहीर खोदून, नमुना तपासूनच.

पुण्याखाली तर बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला खडक! वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत उघडाच दिसतो. शेल गॅस शोधतात गुजरातमधल्या खंबात आणि पूर्वेकडच्या दामोदर खोऱ्यातल्या गाळाच्या खडकांत.

माझी पोस्ट काढली आहे. कुठून आलीच तर कृपया पुढे ढकलू नका.