निळ्या वायरीचा सल्ला मानू नका

नागपुरात जनरेटरचे, फूड-स्टॉलचे छोटे ट्रेलर बांधणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘ब्रेक कोणताही असो, सात पिनचा प्लग लावा, निळी वायर गाडीच्या ब्रेकलाइटला जोडा, कंट्रोलरचे पैसे वाचवा. अर्थिंग हुकातूनच मिळते. हळू चालवणाऱ्याला ब्रेकअवे स्विच लागत नाही.’ कंट्रोलर म्हणजे ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा, आणि ब्रेकअवे म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच.

सगळ्यात घातक आहे तो कंट्रोलर वाचवण्याचा सल्ला. इलेक्ट्रिक ब्रेकच्या प्रत्येक ड्रममध्ये ब्रेक लावणारा विद्युतचुंबक असतो आणि तो 12 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर ओढतो. चार चाकांचे झाले 12. गाडीचे ब्रेकलाइट सर्किट 21 वॅटच्या दोन-तीन बल्बांपुरते, म्हणजे पाचेक अँपिअरचे. फ्यूज उडाला तर गाडीचेही ब्रेकलाइट गेले, आणि मागच्याला ते कळणार नाही. समजा जाड वायर आणि रिले टाकून हे निभावले, तरी ब्रेकलाइटचा स्विच एक तर चालू, नाहीतर बंद. पॅडलला पाय लागला की चारही ड्रमना पूर्ण करंट. रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर चाके जाम करून घसरतो. सिग्नलवर पाय दाबून उभे राहा, तेवढा वेळ चुंबकाची कॉइल तापत राहते, आणि आपल्या मे महिन्यात तिला गार व्हायलाही वाव नसतो.

कंट्रोलर हा करंट कमी-जास्त करतो. साधा असेल तर ठरावीक वेळात वाढवत नेतो. प्रपोर्शनल असेल तर गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते मोजून तेवढाच देतो. त्याच्यावर हाताने लावायचा ब्रेकही असतो. ट्रेलर डोलायला लागला की गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा लावता येतो. ‘भाऊ, माझं तर चालते’ म्हणणाऱ्याला विचारा, छिंदवाड्याकडे घाट उतरताना मालासकट चालते का?

निळी वायर म्हणजे ब्रेक, हे अमेरिकन सात पिनच्या प्लगमध्ये खरे. युरोपीय पद्धतीच्या 12 व्होल्ट सात पिनमध्ये, म्हणजे आयएसओ 1724 मध्ये, निळी मागच्या फॉग लॅम्पची असते. रंग पाहून नाही, टेस्टर लावून जोडा. आणि 24 व्होल्टच्या ट्रकमागे 12 व्होल्टचा चुंबक लावला तर दुप्पट व्होल्टेजने उष्णता चौपट होते.

हुकातून अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट? हुकाच्या बॉलला ग्रीस, त्यावर धूळ. दिवे मिणमिणत का होईना लागतील, पण 12 अँपिअरचे काय? पांढरी अर्थिंगची वायर वेगळीच ओढा, आणि बारीक नको. 1 चौरस मिलिमीटरची वायर 8 मीटर जाऊन परत आली की वाटेत तीनेक व्होल्ट खाऊन टाकते; 2.5 ची घेतली तर सव्वा-दीड.

ओव्हररन ब्रेकला कंट्रोलर लागत नाही, इथे मेसेजवाल्याचे बरोबर. ट्रेलर पुढे रेटतो, कपलर (ट्रेलरचे बॉलवर बसणारे तोंड) दबतो, ब्रेक लागतो. पण रिव्हर्स घेतानाही कपलर दबतोच. ब्रेक आपोआप सुटणारे ड्रम नसतील आणि सोलेनॉइडने (करंट मिळाला की काम करणाऱ्या चुंबकी खिळीने) ब्रेक लागणे अडवायची सोय असेल, तर रिव्हर्स लाइटची वायर त्या सोलेनॉइडला द्यावी लागते.

इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिकला (विजेच्या पंपाने तेलाचा दाब देणाऱ्या ब्रेकला) कंट्रोलरचा सिग्नल तर हवाच, शिवाय पंपासाठी बॅटरीची कायम वायर. हवेच्या ब्रेकला लावायला वायर नसतेच: एका पाइपात कायम दाब, दुसऱ्यात पॅडलसोबत येणारा. एबीएसचा (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) प्लग वेगळा. सात पिनमध्ये हे सगळे कोंबायला निघालेल्याला काय म्हणायचे, राजेहो!

ब्रेकअवेचा तर वेगाशी संबंधच नाही. कपलर बॉलवर नीट बसला नसेल तर वाडीच्या खड्ड्यातही उसळून निघेल. स्विचची पिन ओढणारी तार गाडीच्या चेसिसला बांधा, हुकाला नाही; हुकच निखळला तर पिन ओढली जाणार नाही. तपासताना गाडीचा प्लग आधी काढा, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरू शकतो. पिन ओढूनही चाके धरली नाहीत, तर ट्रेलरवरची बॅटरी पाहा आणि तिला चार्ज करणारी वायर जोडलेली तरी आहे का ते पाहा.